मदत हवी आहे – पेट्रोल टाकीवरचे तीन पाईप, कुठला कुठे?

मंडळी, जुनी इंजेक्शनवाली पेट्रोल गाडी आहे, पंप बदलायला टाकी खाली उतरवली आणि पाईप काढताना खुणा करायच्या राहिल्या, फोटोपण काढला नाही (शिव्या घाला, चालेल). आता पंपाच्या झाकणावर तीन नळ्या दिसतायत, एक जाड आणि दोन बारीक, आणि गाडीकडून येणारे पाईपपण तीनच.

माझ्या समजुतीप्रमाणे एक सप्लाय, जो फिल्टरमधून इंजिनच्या रेलकडे (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) जातो, दुसरा रिटर्न, म्हणजे प्रेशर ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरने सोडलेलं जास्तीचं पेट्रोल परत टाकीत आणणारा, आणि तिसरा वाफेचा, तो कोळशाच्या कॅनिस्टरकडे (पेट्रोलची वाफ शोषून धरणारा डबा) जातो. जाड तो सप्लाय असं धरलंय कारण फिल्टरकडे जाणारा पाईपपण तेवढाच जाड आहे, पण उरलेल्या दोन बारीक नळ्या अगदी सारख्याच आहेत हो, तिथेच गाडी अडलीये.

रिटर्न चुकून कॅनिस्टरला जोडला तर त्यात पेट्रोल भरून तो वाया जाणार आणि इकडे रेलमधलं प्रेशर वाढणार, म्हणून अंदाजाने जोडायची हिंमत होत नाहीये. कॅनिस्टरपासून पाईप हाताने चाचपत मागे आलो तर खात्रीने कळेल का? का नळीत हळूच फुंकून बघू?

अजून एक, रबरी पाईप तडकलेत. कार्बोरेटरच्या गाडीचा साधा पाईप इथे टिकणार नाही ना? सप्लायला साधारण ३ बार प्रेशर असतं म्हणे. क्लिप कुठल्या वापरू तेपण सांगा. बॅटरी काढून ठेवलीये.