माझ्या नावावर दुसऱ्याचं, दुसऱ्याच्या नावावर माझं : सीमाभागातले उचलेगिरीचे अनुभव सांगा

खानापूर पॅसेंजर (धागाकर्ता) :

परवा भावकीच्या व्हॉट्सॲप गटात पहाटेच्या थंडीवर एक मजकूर आला. खाली नाव लांबच्या एका मावसभावाचं. चार ओळी वाचल्या आणि कळलं, अरे, हे तर माझंच. दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं, काना-मात्रेसकट. रागानं फोन लावायला घेतला आणि तसाच खाली ठेवला. नववीतलं बक्षीस आठवलं.

तर आधी माझी कबुली. नववीत निबंध स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता. विषय 'माझ्या गावची सकाळ'. घरी कव्हर फाटलेला एक जुना दिवाळी अंक होता, त्यातल्या एका लेखाचे अडीच परिच्छेद मी उतरवून काढले. बक्षीस द्यायला आलेल्या गुरुजींनी नंतर चहाच्या वेळी मला बाजूला घेतलं.

"झुंजुमुंजु म्हणजे काय रे?"

मी गप्प.

"तुमच्या घरात काय म्हणतात त्या वेळेला?"

"फटफटलं म्हणतात, सर."

"मग तेच का लिहिलं नाहीस?"

"ते मराठी नव्हं की सर."

गुरुजी काहीच बोलले नाहीत. स्टीलचं तबक होतं, तेही परत घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं. आई अजून त्यात शेंगदाणे निवडते.

लोक दुसऱ्याचं का उचलतात, तर आळस, हौस, वाहवा हे सगळं आहेच. पण आपल्या भागात आणखी एक भानगड आहे, असं मला वाटतं. घरात मराठी, बाजारात निम्मं कन्नड, सातबाऱ्याचा उतारा कन्नड, एसटीची पाटी कन्नड. लिहायला बसलं की आपली बोली गावंढळ वाटते आणि छापील मराठी कुठूनतरी आणून डकवावंसं वाटतं. तुम्हाला काय वाटतं? ज्यांचं चोरीला गेलं त्यांनी लिहा, ज्यांनी चोरलं त्यांनी तर लिहाच. माणसांची नावं घालू नका, संस्थांचीही नकोत.

राजहंसगड :

माझे आजोबा चोरीला गेले. चेष्टा नाही.

बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाला २०२४ च्या डिसेंबरात शंभर वर्षं झाली. महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी टिळकवाडीच्या माळावर अख्खं नगर उभं केलं, नाव दिलं विजयनगर, आणि पाण्यासाठी विहीर खणली. ती काँग्रेस विहीर आजही आहे. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. मी लिहिला तो आजोबांचा भाग. ते तेव्हा वीस वर्षांचे, पाणी वाढायला स्वयंसेवक म्हणून गेले. निघताना वडिलांनी नव्या वहाणा घेऊन दिल्या. येळ्ळूरहून चालत निघाले, अर्ध्या वाटेत टाच सोलली, तेव्हा वहाणा हातात घेऊन पुढची वाट अनवाणी तुडवली. दोन दिवस लोकांना पाणी दिलं आणि आपले फोड धोतराच्या सोग्याखाली झाकून ठेवले.

शताब्दीच्या वेळी एक स्मरणिका हातात आली. चाळता चाळता पान उघडलं तर "माझे आजोबा येळ्ळूरहून निघाले, नव्या वहाणा..." तेच. टाच तीच, धोतराचा सोगाही तोच. खाली लेखकाचं नाव, फोटो, निवृत्त असल्याचा उल्लेख. या गृहस्थांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या शहापूरचं. येळ्ळूरशी संबंध भात विकत घेण्यापुरता! त्यांनी गावाचं नावसुद्धा बदललं नाही.

कुणी विहिरीची माहिती उचलली असती तर मला काही वाटलं नसतं. ती सगळ्यांची आहे. पण सोललेली टाच? अजून फोन केलेला नाही. काय बोलायचं तेच सुचत नाही.

मलप्रभा :

आजोबा चोरीला!! हसू का रडू?

शहापूरची सून :

माझा अनुभव मांड्यांचा. लग्नसराईत आमच्याकडे मांडे होतात. सासूबाई पालथ्या कढईवर मांडा टाकतात त्याचा मी फोटो काढला, कृती लिहून नात्यात पाठवली. महिन्याभरात ती माझ्याकडेच फिरून आली, 'खास आमच्या आजीची पारंपरिक पाककृती' म्हणून. फोटोत सासूबाईंचा हात, मनगटावर तेलाचा जुना डाग, हिरव्या बांगड्या. घरच्यांनी तो हात लगेच ओळखला.

गंमत पुढे आहे. घाईत मी साखरेचं माप चुकून दुप्पट लिहिलं होतं. ती चूकही जशीच्या तशी फिरत होती. म्हणजे ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवलं त्यांतल्या एकीनंही मांडे केले नव्हते.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मांडा काय आपल्या घरात जन्मला? मीबी शेजारणीकडनंच शिकले." ते खरं आहे. पण त्या शेजारणीचं नाव सासूबाई आजही घेतात. मांडा फाटला की हमखास घेतात.

बोगारवेस वकील :

थोडं कायद्याचं, कारण वरच्या दोन्ही गोष्टींत गल्लत होऊ शकते. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कल्पनेला, माहितीला किंवा नुसत्या सामानाच्या यादीला संरक्षण नाही, ते मांडणीला आणि शब्दांना आहे. मांडे कुणीही करावेत, कुणीही त्यावर लिहावं. सूनबाईंची वाक्यं आणि त्यांनी काढलेला फोटो मात्र त्यांचा. नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही, लिहिलं त्या क्षणी तो मिळतो आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. कलम ५७ मध्ये लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा वेगळा हक्क आहे. मोबदला घेऊन लेख देऊन टाकला तरी तो राहतो.

आणि खाली 'साभार' लिहिलं की झालं, असं समजू नका. साभार कुणाचा?

सांबऱ्याचा :

वाचतोय. वकीलसाहेब, 'वाचनात आलं, आवडलं म्हणून पाठवतोय' याला कलम कुठलं?

दोन्ही घरचा पाहुणा :

म्हण आहे की दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. मी मात्र दोन्ही घरी जेवायचो. सविस्तर लिहितो, कारण हा प्रकार फक्त आपल्याच भागात एवढ्या सहज जमतो.

माझं शिक्षण कन्नड शाळेत, घर मराठी. दोन्ही वाचता येतं. कन्नड मासिकातला एखादा चांगला लेख घ्यायचा, मराठीत आणायचा, धारवाडच्या जागी कोल्हापूर घालायचं, आपलं नाव लावायचं. मराठी वाचणाऱ्यांना कन्नड येत नाही आणि कन्नड वाचणारे मराठी अंक उघडत नाहीत. सहा-सात लेख असे केले. लोक भेटून म्हणायचे, तुमची शैली वेगळी आहे हो. वेगळी असणारच!

माझ्या डोक्यात ती चोरी नव्हती. मला वाटायचं, प्रत्येक शब्द तर मीच शोधलाय, रात्र रात्र जागून. भाषांतराची मेहनत खरी होती आणि तिच्याआड बाकी सगळं लपत होतं. एक दिवस शेजारचे लिंगायत काका आले, हातात माझा लेख. त्यांना मराठी उत्तम येतं हे मला ठाऊक होतं, पण ते वाचतील असं डोक्यातच आलं नव्हतं. म्हणाले, "छान आणलंस. पण त्या बाईंना कळवलंस का?" मूळ लेखिका एक बाई होत्या हे त्यांना माहीत होतं. माझ्या लेखात तर मी दाढी करताना विचार करत असतो.

नंतर कळलं की भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो. आता आधी पत्र टाकतो. तीन जणांना विचारलं, दोघांनी आनंदानं हो म्हटलं, एकाचं उत्तर नाही, म्हणून तो लेख तसाच पडून आहे. 'अनुवाद' हा शब्द नावाआधी छापून आला तेव्हा वाटलं होतं की मान कमी होईल. उलट एका अंकानं अनुवादाचंच काम दिलं.

खडू-फळा :

कॉलेजात शिकवते. पाहुण्यांचा प्रकार मुलं आता रोज करतात, फक्त रात्र जागत नाहीत. इंग्रजी मजकूर यंत्रात घालायचा, मराठी बाहेर. पकडायला सॉफ्टवेअर लागत नाही, एका एमएच्या प्रकल्पात 'मलप्रभा नदी तिच्या पलंगातून वाहते' असं वाक्य होतं. नदीचं पात्र होतं बिचारं, पलंग झालं.

संशोधनासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० ला वर्षभर प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. मुलांनी यातून काय शिकावं? तर आकडा नऊवर कसा आणायचा ते. शब्द फिरवतात. 'महत्त्वाचा'चं 'मोलाचा', 'कारण'चं 'हेतू'. एकाचं वाक्य शेवटी 'हृदयविकाराचे प्रमुख हेतू' झालं.

मी आता एकच करते. वाचलेलं पुस्तक मिटायला लावते आणि म्हणते, आता हे तुझ्या आईला फोनवर सांग. खरंच फोन लावायला लावते. आईला सांगताना कुणी 'सदर विषयाच्या अनुषंगाने' म्हणत नाही. ते बोलणं लिहून काढ, मग पुस्तक उघडून नावं-सनावळ्या तपास, आणि जे वाक्य त्याच शब्दांत हवं आहे ते अवतरणात, नावासकट, पानासकट. वेळ लागतो. पोरांचं मराठी सुधारतं की नाही ते माहीत नाही, पण त्यांचं स्वतःचं तरी येतं.

टाळकरी :

आमच्या भजनात एक बुवा होते, देवाघरी गेले. ते शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' आलं की स्वतःचं नाव घालायचे. मात्रा बसत नव्हत्या, पण रेटून न्यायचे. लोक हसायचे, बुवांना वाटायचं दाद आहे.

संतांनी नाव अभंगाच्या पोटातच ठेवलं, नामा म्हणे, एका जनार्दनी. काढायला गेलं की ओवी लंगडते. पलीकडे कन्नडातही तेच, फक्त बसवण्णांच्या वचनात स्वतःचं नाही, देवाचं नाव, कूडलसंगमदेव. पुरंदरदासांचं पुरंदर विठ्ठल. म्हणजे दोन्ही भाषांच्या जुन्या लोकांना ही खोड ठाऊक होती म्हणायची.

तंबोरा :

सगळंच उसनं वाईट म्हणू नका हो. आपल्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गायचे, लोक थक्क व्हायचे. ती नक्कलच होती, पण कुणाची ते ऐकणाऱ्याला माहीत होतं. पुढे बी. आर. देवधरांकडे शिकले आणि स्वतःचं गाणं असं काढलं की आता लोक त्यांची नक्कल करतात. गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो ना? लिहिणाऱ्यांकडे असं काही नाही.

खडू-फळा :

तळटीप आहे की. कानाइतकी देखणी नाही, एवढंच.

कंग्राळी नाका :

मंडळाची स्मरणिका मी सात वर्षं काढली, तेव्हा राजहंसगड यांची माफी आधीच मागतो. तुमची ती आमची नव्हे, पण आमच्याकडेही वेगळं नव्हतं. जाहिराती मिळतात चाळीस पानांच्या, मजकूर असतो चार पानांचा. छापखानेवाला म्हणतो, गणपतीला आठ दिवस राहिलेत, उद्या मॅटर द्या नाहीतर पुढचं काम घेतो. मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार सगळे जण फोन चाळायला बसतात. 'संकलन' या शब्दाखाली मी काय काय छापलंय ते सांगत नाही. गेल्या खेपेला कोरी पानं तशीच ठेवली, वर 'सह्यांसाठी' असं छापलं. पोरांनी त्यावर क्रिकेटचा स्कोअर लिहिला.

मलप्रभा :

मला भीती वेगळीच वाटते. न कळत होणारी. कविता लिहिली, खूश झाले, आणि वर्षानं जुन्या वहीत सापडलं की त्यातली ओळ मीच कुठूनतरी उतरवून ठेवली होती, नाव न लिहिता. तेव्हापासून वहीत दुसऱ्याचं निळ्या शाईनं, माझं काळ्या. निळ्याखाली त्याच वेळी नाव आणि कुठं वाचलं ते. 'नंतर लिहू' म्हटलं की गेलंच. परवा निळं पेन संपलं तर वाचनच थांबवलं दोन दिवस.

सांबऱ्याचा :

आमच्या काकांच्या बाराव्याला पुतण्यानं वाचलेलं भाषण यंत्राकडून लिहून घेतलेलं होतं. फार सुंदर. काकांना 'सागरासारखं विशाल मन' वगैरे. काका उसने दिलेले दोनशे रुपये तीन वर्षं मागत होते. ते कुणी बोललं असतं तर सगळे मनापासून रडले असते.

राजहंसगड :

धागा वाचून शेवटी फोन केला. त्यांनी तो 'वाचनात आलेला' मजकूर म्हणून कुठूनतरी घेतला होता, मी खरा कुणी असेन असं वाटलंच नव्हतं म्हणे. रविवारी भेटायला बोलावलं. गेलो. भांडायची तयारी करूनच गेलो होतो.

घरात दोघंच, ते आणि वहिनी. कुंदा पुढे ठेवला. बराच वेळ हवापाण्याचं बोलणं झालं. मग म्हणाले, "तुमचे आजोबा लई आवडले हो मला. आमच्या आजोबांचं सांगण्यासारखं काय नव्हतं." मी विचारलं, काय करायचे? म्हणाले, मागावर बसायचे. शहापुरात घरोघरी तेच की, त्यात काय लिहायचं.

तास-दीड तास ते मागाबद्दल, त्यावर धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याबद्दलच बोलत होते. काल त्यांनी दीड पान लिहून पाठवलंय, पुढच्या अंकात माझ्या नावासकट खुलासाही छापायला दिलाय. दीड पानाची सुरुवात अशी : "आज्जा मागावर बसले की बोलत नव्हते. धोटा बोलायचा." त्यांना विचारून इथे टाकतोय.

'आज्जा'चं 'आजोबा' करू का, असं विचारत होते. नको म्हटलं.