गाठी हाताला लागतात, रिपोर्टमध्ये दिसत नाहीत

'डॉक्टरांनी सांगितलं आणि छापील पत्रक हातात दिलं की पुरे, नर्सने वेगळं काय शिकवायचं?' रुग्णांना शिकवण्याबद्दलचा हा मुद्दा मला अर्धाच पटतो. पत्रक हवंच, पण ते वाचून हात तयार होत नाही. इन्सुलिनचंच घ्या. सतत त्याच जागी टोचलं की कातडीखाली चरबीच्या गाठी होऊ शकतात. तिथे फारसं दुखत नाही, म्हणून माणूस नेमका तिथेच टोचत राहतो. मात्र त्या जागेतून इन्सुलिन कधी कमी, कधी उशिरा शोषलं जातं. साखर वरखाली होते आणि डोस चढत जातो. रक्ततपासणीत गाठ दिसत नाही, पोटा-मांडीवर हात फिरवून ती शोधावी लागते. मधुमेहाचं प्रशिक्षण घेतलेली नर्स हेच करते. शिवाय नुसतं 'जागा बदला' म्हणून भागत नाही. चांगल्या जागेतून तोच डोस पूर्ण लागू पडला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून डोस कमी करावा लागतो आणि काही दिवस साखर वारंवार तपासावी लागते. पत्रकात हे सहसा नसतंच.

आणि 'कळलं का?' विचारलं की सगळे हो म्हणतात (मीही म्हणतो). चांगली नर्स म्हणते, 'आता तुम्ही करून दाखवा.' इनहेलरच्या बाबतीत तर हे दर भेटीत व्हायला हवं, कारण नीट शिकलेली पद्धतही काही महिन्यांत बिघडत जाते.