उत्तर: मॅनेजरपद घ्यावं का? (सोमवारपर्यंत कळवायचंय)

मूळ मेल
नमस्कार मंडळी, कंपनीने डेव्हलपरची मॅनेजर व्हायला विचारलंय. टीम तीच, सात जण. त्यातले दोघं अनुभवाने जास्त. कोड लिहिणं किती चालू ठेवावं? एच-१बी (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) आहे, आय-१४० (कंपनीने भरलेली ग्रीन कार्डची याचिका) मंजूर, आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) भरलेला नाही. दिवाळी अंकाच्या वेळी लांबलचक सल्ले देणाऱ्यांनी आताही द्यावेत.

सांस्कृतिक समिती
ताई, अभिनंदन. कोड पूर्ण सोडू नका, पण ज्याच्यावाचून रिलीज अडेल असं काही स्वतःकडे ठेवू नका. नाहीतर तुम्ही दिवसभर मीटिंगांत आणि तिघं तुमच्या पुल रिक्वेस्टसाठी, म्हणजे तुमचा कोड मूळ कोडमध्ये यावा म्हणून, ताटकळलेले. कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्ट, आतल्या वापराची टूल्स, एवढंच घ्या. कोड तपासताना (रिव्ह्यूत) पहिली कॉमेंट तुमची नको. मॅनेजर बोलला की बाकीचे गप्प बसतात. टेक लीड (तांत्रिक निर्णय बघणारा) वेगळा नसेल तर होकाराआधीच मागून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही. त्या दोघांना घोषणेआधी एकेकटं भेटा. त्यांच्यापैकी कुणाला ही जागा हवी होती का, ते त्यांच्याच तोंडून कळू द्या.
वन-ऑन-वन (प्रत्येकाशी एकट्याने भेट) दर आठवड्याला अर्धा तास, म्हणजे सात जणांचे साडेतीन तास. तिथे स्टेटस विचारू नका, त्याला जिरा (कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे.

कोषाध्यक्ष
साडेतीन तासांवर आक्षेप. जुन्यांना पंधरवड्याने पाऊण तास पुरतो. दर आठवड्याला फक्त नवे. खरी गोची कॅलिब्रेशनची, म्हणजे सगळ्यांची रेटिंग्ज जुळवून बघण्याची. त्या बैठकीत बाकीचे मॅनेजर पुरावा मागतात. दर शुक्रवारी प्रत्येकाच्या नावापुढे दोन ओळी: काय केलं, कुणाचं अडलेलं काम त्यामुळे सुटलं. सहा महिन्यांनी आठवून लिहायला बसलं की शेवटचा महिनाच आठवतो, आणि गाजावाजा न करणारे मागे पडतात.
आणि कोड जपायचाच. गूगलच्या २००८ साली सुरू झालेल्या प्रोजेक्ट ऑक्सिजनमध्ये चांगल्या मॅनेजरच्या आठ गुणांत तांत्रिक कौशल्य आठवं होतं, पण यादीत होतं!

सांस्कृतिक समिती
पाऊण तास तरी कसा पुरेल? पंधरवड्यात एक सुट्टी आली की महिनाभर भेट नाही.

ग्रंथालय
भेटी राहू द्या, व्हिसाचं बघा. डेव्हलपरचा एसओसी कोड (अमेरिकी सरकारचा व्यवसायाचा क्रमांक) १५-१२५२, आयटी मॅनेजरचा ११-३०२१. कामाचं स्वरूप खरोखर बदलत असेल तर आधी सुधारित याचिका, मग पद. प्रचलित वेतनही (त्या कामाला त्या भागात मिळणारा पगार) नव्या एसओसी कोडप्रमाणे बघतात. ग्रीन कार्डसाठी पर्म (आय-१४० आधीची श्रम खात्याची मंजुरी) बहुधा नव्याने करावं लागेल. मंजूर आय-१४० ची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) सहसा टिकते. आय-४८५ भरून १८० दिवस झाले असते तर तत्सम नोकरीत जाऊनही तोच अर्ज चालू ठेवण्याची सवलत मागता आली असती.

कोषाध्यक्ष
मॅनेजर झाल्यावर ईबी-१सी (मॅनेजरांसाठीचा ग्रीन कार्डचा वर्ग) मिळतं ना?

ग्रंथालय
नाही. त्यासाठी परदेशातल्या संलग्न कंपनीत किमान एक वर्ष मॅनेजर म्हणून काम केलेलं लागतं. इथल्या बढतीने ते भरून निघत नाही.

सचिव
व्हिसाचे प्रश्न वेगळ्या लिस्टवर न्यायचं ठरलं होतं. कृपया.

ग्रंथालय
न्या. पण ताई, कामांचा मसुदा, त्यात कोडिंग किती टक्के आणि माणसं सांभाळणं किती हे लिहून, होकाराआधी कंपनीच्या वकिलाकडे जाऊ दे. नुसत्या पदनामावरून त्याला काही ठरवता येत नाही.