निर्यात शुल्क एका रात्रीत वाढवायचा अधिकार सरकारला असावा का?

डिचोलीकर:
ट्रम्पच्या टॅरिफवर सगळे बोलतायत, तिथल्या फेडरल सर्किट कोर्टाने 29 ऑगस्ट 2025 ला 7 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की 1977 च्या आणीबाणी कायद्याखाली असे सरसकट टॅरिफ लावता येत नाहीत. बरं. पण आपलं मे 2022 कुणाला आठवतंय का? 58 टक्क्यांहून कमी लोखंड असलेलं ओअर (लोहखनिज), म्हणजे आपल्या गोव्याचंच, त्यावर निर्यात शुल्क शून्य होतं ते रात्रीत 50 टक्के! तेव्हा खाणी 2018 पासून बंदच होत्या, भावोजींच्या दोन ट्रकांना ई-लिलावात विकलेल्या, आधी काढून ठेवलेल्या ओअरचंच काय ते भाडं मिळायचं, तेपण गेलं. दिल्लीत कागद छापला की संपलं?

फोंड्याचा_वकील:
संपलं नाही. कस्टम्स टॅरिफ अ‍ॅक्ट 1975, कलम 8. तातडी असेल तर केंद्र नोटिफिकेशन काढून शुल्क वाढवतं, पण ते संसदेपुढे ठेवावं लागतं आणि लोकसभेत ठेवल्यापासून 15 दिवसांत मंजुरीचा ठराव मांडावा लागतो. संसद ते रद्दही करू शकते. अधिकार संसदेनेच दिलाय, मग मनमानी कुठे?

डिचोलीकर:
वकीलबाब, अधिवेशन भरेपर्यंत बंदरातलं जहाज थांबतं का? आणि बहुमत ज्यांचं त्यांचंच नोटिफिकेशन, रद्द कोण करणार.

बार्जवाला_मांडवी:
आधी जाहीर केलं असतं तर आठ दिवसांत असेल नसेल तेवढं ओअर चीनला गेलं असतं. ओअरपासूनच स्टील होतं, ते महाग झालं तेव्हा घरं बांधणारे रडत होते ते विसरलात? आणि पावसात बार्जी तशाही बंदच असतात, उगाच ओरडू नका.

साखळीची_वैनी:
मला अधिकाराबद्दल काही म्हणायचं नाही, पण त्याच महिन्यात 13 तारखेला गव्हाची निर्यात बंद केली, तेव्हा ज्यांची एलसी (पैसे देण्याची बँकेची हमी) आधीच उघडलेली होती त्यांचा माल जाऊ दिला. मग ओअरवाल्यांनी सौदे आधी केले होते त्यांचं काय? त्यांनी काय पाप केलं?

फोंड्याचा_वकील:
वैनी, मुद्दा बरोबर आहे. कस्टम्स अ‍ॅक्टच्या कलम 16 प्रमाणे निर्यातीला माल चढवायची परवानगी मिळते त्या दिवशीचा दर लागतो, सौदा कधी केला ते कुणी विचारत नाही. परकीय व्यापार धोरणाचं वेगळं आहे, 2015 च्या कनक एक्स्पोर्ट्स निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते मागच्या तारखेपासून बदलता येत नाही. पण शुल्क पुढच्याच तारखेचं होतं, त्यामुळे त्याविरुद्धची केस कोर्टात टिकणं कठीण. नोव्हेंबरात शून्य केलंच ना परत?

बार्जवाला_मांडवी:
आणि गहू बंद होता, ओअर बंद नव्हतं. शुल्क भरा आणि न्या, कुणी अडवलं?

डिचोलीकर:
50 टक्के भरून 58 च्या खालचं ओअर कोण नेणार पात्रांव, ट्रकाचं डिझेल तरी सुटतं का त्यात?