जो ब्राउनचा दोन पिटॉनचा नियम खान्देशात का नको?

तापीकाठ: ब्रिटिश गिर्यारोहक जो ब्राउन (१९३०–२०२०) मँचेस्टरचा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, मग प्लंबिंगचं काम. गिर्यारोहण तेव्हा विद्यापीठवाल्यांचं. १९५५ला जॉर्ज बँडसोबत कांचनजंगा (८५८६ मी.) पहिल्यांदा चढला, वरच्या शेवटच्या भेगेत तोच पुढे चढला. सिक्कीमच्या राजाला शब्द दिलेला, म्हणून दोघं माथ्याच्या काही फूट खाली थांबले. एका टप्प्यात दोनपेक्षा जास्त पिटॉन (भेगेत ठोकायचे लोखंडी खिळे) ठोकायचे नाहीत, हा त्याने स्वतःला घातलेला नियम. आपल्याकडे सुळका दिसला की आधी कातळात भोक पाडून बोल्ट बसवायला ड्रिल बाहेर! नवे मार्ग तरी या नियमाने काढा.

कातळकोन: भाऊ, त्याचा खडक बघा. त्याचा १९५२चा वेल्समधला मार्ग सेनोटाफ कॉर्नर म्हणजे दोन भिंतींच्या कोनात सरळ वर गेलेली भेग. आपला बेसाल्ट थराथराचा. कठीण थरांमध्ये लाल मातीचा किंवा भोकाभोकाचा ठिसूळ पट्टा. पिटॉन ठोकताना आवाज चढत गेला तर पकड आहे. भद्द वाजला की मागचा तुकडा सुटा. पावसाळ्यानंतर तर जुना पिटॉन हातानेही निघतो. तिथे कसला दोनचा हिशोब?

तापीकाठ: म्हणून हात आणि चॉक (न ठोकता भेगेत अडकवायचा तुकडा). पंजा भेगेत घाला, अंगठा आत दुमडा, तळवा फुगवा, ओढ खालीच. बाहेर ओढलात की कातडी गेली. बूट आडवा घालून गुडघा सरळ आणला की अडकतो. त्या काळी भेगेत दगड अडकवून त्याला स्लिंग (फास) लावत. पुढे मशिनचे नट आले, आटे घासून काढलेले, नाहीतर दोर कापला जायचा.

कातळकोन: ठिसूळ पट्ट्यात चॉक ओढला तर भेगेची कडच येते. तिथे १० मिमीचा स्टेनलेस बोल्ट हवा, कडेपासून लांब, ठोकून पाहिलेल्या घट्ट थरात.

बोरीपार: 'गरीब होता म्हणून कमी पिटॉन' हे कौतुकही पुरे. पोरवयात तो आईच्या टाकून दिलेल्या कपड्यांच्या दोरीवर चढायचा, ती नाइलाजाची गोष्ट. दोनचा नियम निवडीचा.

तापीकाठ: तेच म्हणतोय. बिलेला, म्हणजे थांबून साथीदाराचा दोर सांभाळायच्या जागी, दोन बोल्ट मारा, मधली भेग मोकळी ठेवा.

कातळकोन: आणि बिलेच्या खाली वीस मीटर लाल पट्टा असेल तर? लीड करणाऱ्याने, म्हणजे पुढे चढणाऱ्याने, नियम धरून पडायचं?

बोरीपार: तिथे मार्गच काढू नका. किल्ला संरक्षित असेल तर बोल्टचा विषयच संपला.