फुटबॉलचा अर्धाच नियम नको

क्रिकेटमधल्या द्विपक्षीय मालिका, म्हणजे दोन देशांमधले दौरे, बंद करून फुटबॉलसारखं वर्षभर लीग आणि मध्ये मध्ये विश्वचषक ठेवावेत, असं काही जण म्हणतात. हा मुद्दा मला अर्धवट वाटतो. फुटबॉलमध्ये खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली झाली की रकमेतला ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. क्रिकेटमध्ये घडवण्याचा खर्च देशांच्या मंडळांवर आणि स्थानिक क्लबांवर, आणि तयार खेळाडू लीगला.

वेस्ट इंडिजचा वेगवान गोलंदाज शमार जोसेफचंच बघा. गयानातल्या बाराकारा या आडगावचा पोरगा. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्याने स्टीव्ह स्मिथला बाद केलं. मग ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर पायाच्या दुखऱ्या अंगठ्याने ६८ धावांत ७ बळी! वेस्ट इंडिज ८ धावांनी जिंकलं, ऑस्ट्रेलियातल्या कसोटीत १९९७ नंतर पहिल्यांदाच. आयपीएलमधल्या लखनौने त्याला घेतलं ते त्यानंतर. बंद करा म्हणतात ती द्विपक्षीय मालिका नसती, तर हा गोलंदाज जगाला दिसला असता कुठे?

आणि पुढच्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला जवळपास दुसरी फळी पाठवली, कारण मुख्य खेळाडू त्यांच्याच लीगमध्ये अडकलेले. कर्णधाराचंच कसोटी पदार्पण. फार वाईट वाटलं ते बघताना.

लीग वाढू द्या, खेळाडूंना पैसे मिळतात याचा आनंदच आहे. पण प्रत्येक करारातला ठरावीक हिस्सा खेळाडूच्या मूळ क्लबला आणि मंडळाला सक्तीने द्या, आणि कसोटीसाठी वर्षातून दोन काळ असे राखा की तेव्हा जगात कुठेही लीग नसेल.