लॅबच्या एन्झाइमला आणि ऑफिसच्या खुर्च्यांना एकच खरेदी नियम कशाला?

लॅबमधला उंदीर
जून 2025 मध्ये केंद्राने संशोधनासाठीच्या खरेदीचे नियम सैल केले. कोटेशनशिवाय थेट खरेदी 1 लाखावरून 2 लाख, खरेदी समितीमार्फत 10 वरून 25 लाख, आणि 200 कोटींपर्यंतच्या ग्लोबल टेंडरला आता संचालक किंवा कुलगुरूच मंजुरी देऊ शकतात. जेमवरनंच (सरकारी खरेदीचं पोर्टल) घ्या ही सक्तीही वैज्ञानिक सामानापुरती ढिली झाली. पण हे सगळं केंद्राच्या संस्थांना. म्हणजे पुण्यात पाषाणला आयसर, एनसीएल या केंद्राच्या संशोधन संस्था मोकळ्या, आणि राज्याची विद्यापीठं अजून राज्याच्या डिसेंबर 2016 च्या खरेदी नियमपुस्तिकेत अडकलेली, जी मुळात कार्यालयीन खरेदीसाठी लिहिलीय.

माझाच अनुभव सांगतो, विद्यापीठाचं नाव नको. उणे 20 अंशांना ठेवायचं एन्झाइम, एल-वन (सगळ्यात कमी दर) आला म्हणून ज्याने कधी ड्राय आइस बघितलेला नाही अशा सप्लायरला ऑर्डर गेली, त्याने शनिवारी दुपारी खोकं गेटवर वॉचमनकडे दिलं आणि आम्हाला कळलं सोमवारी. मग रिप्लेसमेंटसाठी नवी फाइल! तीन वर्षांच्या प्रोजेक्टमधले सात महिने असे गेले. शासन पगार देतं म्हणून टेस्टट्यूब पण शासनाच्या नियमाने घ्यायची का? स्वायत्तता कागदावरच राहणार असेल तर काय उपयोग.

जमाखर्च
साफ असहमत. 22 वर्षं विद्यापीठाच्या लेखा विभागात काढलीत. तुम्ही लोक स्पेसिफिकेशन कंपनीच्या कॅटलॉगातून उचलता, मग तीन कोटेशनं एकच डीलर आणून देतो, लेटरहेड वेगळी पण स्पेलिंगची चूक तिन्हीत सेम. हा माल एकाच कंपनीकडे मिळतो असं प्रोप्रायटरी सर्टिफिकेट तर प्रसादासारखं वाटता. आणि वर्षभर झोपून 28 मार्चला बिल घेऊन येणार, सर आजच पास करा ग्रँट लॅप्स होईल.

मोकळीक दिली की काय होतं ते 2017 ला मुंबई विद्यापीठात बघितलं ना? ऑनलाइन पेपर तपासणी घाईघाईत आणली, निकालासाठी राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदतही हुकली, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना हटवावं लागलं. पोरांचं काय झालं ते सोडाच.

लॅबमधला उंदीर
@जमाखर्च एक मिनिट, तिथे टेंडर झालंच होतं की! म्हणजे नियमाचा कागद पूर्ण होता आणि तरी बोंब झाली. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. एवढ्या पेपरांचं स्कॅनिंग आणि ट्रेनिंग ऐन परीक्षेच्या हंगामात जमेल का, हे टेंडरच्या कुठल्या रकान्यात विचारतात?

(कोटेशनचं मात्र मान्य, आमच्यात असे आहेत.)

राइनकाठचा
जर्मनीत पोस्टडॉक करतोय. फॉरेनला सगळं मोकळं असतं हा गैरसमज आहे, सरकारी विद्यापीठांना इथेही टेंडर चुकत नाही, 2024-25 साठी मर्यादा होती 2 लाख 21 हजार युरो, त्यावर गेलं की युरोपभर टेंडर. पण रोजच्या केमिकलसाठी विद्यापीठाने आधीच दरकरार करून ठेवलेत, मी कॉम्प्युटरवर क्लिक करतो, दोन दिवसांत बाटली टेबलावर. घासाघीस एकदाच झालेली असते आणि ती मी केलेली नसते.

चहा बिनसाखर
दरकरार आपल्याकडे पण करतात हो, फक्त तो होईपर्यंत आधीच्याची मुदत संपलेली असते 😄

मला वाटतं खुर्च्या, एसी, प्रिंटर खुशाल जेमवर राहू देत, तिथे प्राध्यापकांनी स्वायत्ततेचा झेंडा नाचवायची गरज नाही. केमिकल, एन्झाइम, मशीनचे सुटे भाग एवढं सोडा. आणि जीएसटीवर कोणीच का बोलत नाही? संशोधनाच्या उपकरणांवर 5 टक्के होता, 2022 ला ती सवलत काढली, आता बहुतेक ठिकाणी 18. तेवढ्यात एखादं सेंट्रिफ्यूज आलं असतं.

जमाखर्च
सोडा म्हणणं सोपं आहे. उद्या ऑडिट पॅरा (लेखापरीक्षणातला आक्षेप) आला की उत्तर कोण देतं? प्रोजेक्ट संपतो, सर दुसऱ्या विद्यापीठात जातात, आणि पेन्शन अडकते ती सही करणाऱ्या आमच्या माणसाची. मोकळीक पाहिजे तर पीआयने, म्हणजे प्रोजेक्टच्या प्रमुखाने, स्वतःच्या नावावर जबाबदारी घ्यावी, लेखी. घेता?

लॅबमधला उंदीर
घेतो. 2 लाखांपर्यंत माझी सही, पॅरा पण माझ्या नावावर. पण मग बिल किती दिवसांत पास करणार ते तुम्ही पण लेखी द्या.

जमाखर्च
30 दिवस. मार्च त्यात धरू नका.